ऐनवेळच्या विषयात आत्यांचा डोळा

आमच्या घरात कुठलीही गोष्ट ठरत नसे, ती मंजूर होत असे. सासरे गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते, आणि इतकी वर्षं होते की घरात शिरताना ते चपला बाहेर काढत, पण चेअरमनकी तशीच अंगावर घेऊन आत येत. जेवायला पिठलं की आमटी, धाकट्या नणंदेला कुठल्या गावात द्यायचं, रेडकू ठेवायचं की विकायचं, सगळ्याची रीत एकच. ओसरीवर बसून ते विषय मांडत आणि विचारत, "कुनाची हरकत?" ज्यांची हरकत असायची त्या बायका आत चुलीपाशी, भांड्यांच्या आवाजात. ओसरीपर्यंत हरकत कधी पोचलीच नाही. "मंजूर," म्हणून ते पानाला चुना लावायला घेत.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्या. मी मूळची तलवाड्याची. लग्न होऊन घाटनांदूरच्या बाजूला आले तेव्हा बारावी झाले होते आणि हिशेबाला बरी होते. संस्थेचा जुना सचिव दुसरी नोकरी लागून निघून गेला, त्याच संध्याकाळी मामांनी ओसरीवरून जाहीर केलं की आता सूनबाई सचिव. मला कुणी विचारलं नव्हतं, पण काम आवडलं म्हणून मी गप्प बसले. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं, नमुन्याची फॅट काढायची, कॅन भरून गाडीत चढवायचे. नवरा साखर कारखान्यावर नोकरीला, अधूनमधून घरी यायचा. त्यामुळे घरात आम्ही तिघंच असायचो, एक चेअरमन, एक सचिव आणि आत्या.

आत्या कशाच्याच सभासद नव्हत्या. म्हशी त्या सांभाळायच्या, दूध त्या काढायच्या, आणि संस्थेत नाव मामांचं. त्यांना त्याचं काही वाटत नसावं असं मला आधी वाटायचं. त्या फार बोलत नसत. बोलल्या की मात्र समोरच्याला थोडा वेळ काही सुचायचं नाही.

त्यांचा डावा डोळा लहानपणीच गेला होता. खळ्यावर ज्वारीचं कुसळ डोळ्यात गेलं, तेव्हा घरच्यांनी हातपाय दाबून धरले आणि जाणती म्हणवणाऱ्या कुणा बाईनं डोळ्यात कसलासा पाला पिळला. कुसळ निघालं की नाही कुणास ठाऊक, डोळा गेला. उरला उजवा. त्या एकट्या उजव्यावर आत्यांनी सगळा संसार रेटला, सुई ओवली, धान्यातले खडे वेचले, सूनही पारखली. आणि आता त्या उजव्यात मोतीबिंदू धरला होता. मला त्या बांगड्यांवरून ओळखायच्या आणि मामांना खोकल्यावरून.

त्या साली पावसानं आमच्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. विहिरी तळाला गेल्या, टँकर सुरू झाले. निम्मं गाव नेहमीसारखं ऊसतोडीला गेलं होतं आणि उरलेलं गाव जनावरं घेऊन चारा छावणीत मुक्कामाला आलं. छावणी आमच्याच संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर लावली होती. दावणीला दावणी लागलेल्या, वर फाटक्या साड्यांची सावली, आणि प्रत्येक दावणीच्या टोकाला एक बाज. आत्या आमच्या म्हशी घेऊन तिथंच राहायला गेल्या. मी आणि मामा डबा घेऊन जायचो आणि दूध घेऊन यायचो. दूध निम्म्यावर आलं होतं. त्यामुळे चेअरमनला काम उरलं नव्हतं, आणि रिकामा चेअरमन ही दुष्काळाइतकीच गंभीर गोष्ट असते.

मामांनी डोळ्यांचं शिबिर घ्यायचं काढलं. शहरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्याशी बोलणं केलं. डॉक्टर छावणीत येऊन तपासणार, ज्यांना गरज आहे त्यांना गाडीत घालून शहरात नेणार, ऑपरेशन फुकट, नंतर परत आणून सोडणार. योजना चांगली होती, हे मी आजही म्हणते. अडचण एवढीच की एकही नाव येईना.

कारण सगळ्यांना माहीत होतं. मागे कधीतरी असंच कुणाचं तरी शिबिर झालं होतं. गावातले एक म्हातारे "नुसते थेंब टाकायचेत" असं ऐकून गाडीत बसले आणि येताना एक डोळा कायमचा घालवून आले. काय झालं, कशानं झालं, त्यांना कुणी सांगितलं नाही. ते पारावर बसून तेच तेच सांगत राहायचे आणि ऐकणाऱ्यांचे डोळे आपोआप मिटायचे. आता फुकट ऑपरेशन म्हटलं की लोक लगेच म्हणायचे, आम्हाला तर लई झ्याक दिसतंय.

मग संस्थेची सर्वसाधारण सभा आली. छावणी सोडून कुणी हलणार नाही म्हणून मामांनी सभाच छावणीच्या मांडवात घेतली आणि सगळ्या दावणींना ऐकू जावं म्हणून भोंगा बांधला. विषय वाचून झाले. शेवटी असतात ते ऐनवेळचे विषय. बहुतेक सभांत या वेळी लोक चपला शोधत असतात. मामा उभे राहिले, घसा साफ केला आणि भोंग्यात म्हणाले, "शिबिराला पयलं नाव चेअरमनच्या घरातून. माझ्या कुटुंबाच्या डोळ्याचं आप्रेशन सगळ्यात आधी हुईल."

टाळ्या पडल्या. एकानं सूचक म्हणून हात वर केला, व्हाइस चेअरमननी अनुमोदन दिलं. मी बसल्या जागेवरून उठले आणि म्हणाले, "मामा, आत्यांना तरी..." मामांनी माइक न सोडताच सांगितलं, "सचिवाला मत नसतंय." नियमानं ते अगदी बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

आत्या तेव्हा म्हशीखालचं शेण भरत होत्या. आपल्या डोळ्याचा निकाल त्यांनी भोंग्यावरून ऐकला. शेजारणी सांगत होत्या की त्यांनी फक्त पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि भोंग्याच्या दिशेला बघत राहिल्या.

संध्याकाळी आम्ही डबा घेऊन गेलो. मामा खुशीत होते. आत्यांनी त्यांच्या पुढ्यात भाकरी ठेवली आणि विचारलं,

"सूचक कोन व्हता?"

"कशाला?"

"माझ्या डोळ्याला."

मामांनी सांगितलं. पलीकडच्या दावणीचाच माणूस.

"आन अनुमोदन?"

"व्हाइस चेअरमनचं."

"मंग त्या दोघाचा एक एक फोडा," आत्या म्हणाल्या. "त्यांच्यापाशी दोन दोन हायती. माझा एकच हाय."

"अगं, फोडायचा न्हाई, नीट करायचाय!" मामा म्हणाले. "तुझ्या भल्यासाठीच चाललंय ना?"

"पाला पिळला तवा बी भल्यासाठीच पिळलता."

मामांनी भाकरी अर्धी ठेवली. मला वाटलं आता मोठं भांडण होणार. पण आत्या उठून म्हशीला पेंड घालायला गेल्या आणि आम्ही दोघं पदाधिकारी आमटीकडे बघत बसलो.

शिबिराचा दिवस उजाडला. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, केस घट्ट बांधलेली, बोलायला गोड, पण घाईत. तिच्याबरोबर शिबिरं जमवणारा एक सफारीवाला गृहस्थ होता, जो सगळ्यांना "आजी" आणि "बाबा" म्हणत फिरत होता. तपासणीला जागा म्हणून मामांनी त्यांना छावणीतला मोठा मांडव दिला. एरवी तिथं ढोरांचा डॉक्टर बसायचा. त्यामुळे लोकांना तिथं उभं राहायची एक सवय लागून गेली होती. कासरा धरायचा, जनावर पुढं करायचं आणि आपण तोंडानं सांगायचं. आज कासरा नव्हता एवढंच. प्रत्येक गडी आपल्या आईला नाहीतर बायकोला पुढं करून सांगत होता, "खानंपिनं ठीक हाय, पर डोळ्यानं अधू झालीया." आणि डॉक्टरही गड्यालाच विचारत होती, "किती दिवस झाले?" बाया मुकाट डोळा ताणून बसलेल्या. मी हे बघत होते आणि मला हसू येत होतं, पण ते हसू फार काळ टिकण्यातलं नव्हतं, कारण पुढं आत्यांचा नंबर होता.

आत्या येणार नाहीत असं मामांना वाटत होतं. पण त्या नवी साडी नेसून स्वतःहून आल्या आणि स्टुलावर बसल्या. डॉक्टरनं बॅटरी लावून डोळा पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि मामांना विचारलं, "यांना कधीपासून कमी दिसतंय?"

"झालं की दोन-तीन साल," मामा म्हणाले. "दिवस मावळला की लई चाचपडती. तशी तब्येत चांगली हाय."

"दूध किती देती ते बी सांगा," आत्या म्हणाल्या.

मांडवात एकदम हशा पिकला. आत्या हसल्या नाहीत. त्या डॉक्टरच्या आवाजाकडे तोंड करून म्हणाल्या, "डॉक्टरीनबाई, ह्या जागी ढोराचा डॉक्टर बसतो. तो मालकाला इचारतो. बराबर हाय, म्हशीला बोलता येत न्हाई. मला येतंय. मंग मला कावून इचारीनात तुमी?"

त्या मुलीचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता ही चिडणार. पण तिनं बॅटरी बंद केली, आपलं स्टूल ओढून आत्यांच्या समोर घेतलं आणि म्हणाली, "चुकलं माझं, आजी. सांगा."

आत्यांनी सांगितलं. डावा कसा गेला तेही सांगितलं. मग म्हणाल्या, "आता मी इचारू?"

"विचारा ना."

"तुमच्या हातनं किती डोळे बिघडले?"

सफारीवाला गृहस्थ जवळजवळ धावतच आला. "आजी, काही होत नाही, हो! दहा मिनिटांचं काम. डोळे झाकून भरवसा ठेवा."

"एकच ऱ्हायलाय झाकायला," आत्या म्हणाल्या. "मी बाईला इचारलंय."

डॉक्टरनं हातानंच त्याला थांबवलं.  मग म्हणाली, "बिघडलेत. थोडे, पण बिघडलेत."

 मामांनी कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र आता थांबेना. ती म्हणाली, "तुमचा मोतीबिंदू एवढा पिकलाय की डोळ्याचा मागचा पडदा मला दिसतच नाहीये. तो चांगला निघाला तर तुम्ही सुई ओवाल. खराब निघाला तर थोडंच दिसेल. आणि कधी कधी, फार कमी वेळा, आहे तेवढंही जातं. यातलं तुमचं काय होईल, ते मला आज सांगता येत नाही."

"आन न्हाईच केलं तर?"

"हळूहळू अंधार होईल. पुढं डोळा दुखूही शकतो."

"तुमी माझ्या जागी असत्या तर?"

"मी केलं असतं," ती म्हणाली. "पण डोळा तुमचा आहे."

आत्यांनी मान हलवली. पदर सारखा केला. "इचार करून सांगते," म्हणाल्या आणि मांडवाबाहेर पडल्या, चेअरमनसकट सगळी सभा तिथंच सोडून.

त्यानंतर जे झालं त्याला मामा शेवटपर्यंत "घोळ" म्हणायचे. रांगेतल्या बायकांना एकदम वाचा फुटली. जी ती स्टुलावर बसली की आधी डॉक्टरला विचारायची, तुमच्या हातनं किती बिघडले, माझ्या पडद्याचं काय, न्हाई केलं तर काय. गडी मागे सरकले. दोघा-तिघांनी तर, आपण इथं कशाला थांबलोय, असा चेहरा करून चारा टाकायला काढता पाय घेतला. डॉक्टर प्रत्येकीला सांगत बसली, घसा बसेपर्यंत. दुपारी गाडी निघाली तेव्हा तिच्यात बोटावर मोजण्याइतकी माणसं होती. पण ती कशाला चाललोय ते समजून बसली होती, हे माझं मत. मामांचं मत वेगळं होतं. त्यांना मोकळ्या सीटच तेवढ्या दिसत होत्या.

मामांनी अबोला धरला. धरला म्हणजे कसा, तर आत्या समोर बसलेल्या असताना मला म्हणायचे, "सचिव, तुमच्या सासूला सांगा, भाकर वाढ म्हनावं." आणि आत्या मला म्हणायच्या, "सांग चेअरमनला, भाकर टोपल्यात हाय, हात हाय त्यांना." मी दोन्ही बाजूंचा पत्रव्यवहार तोंडी सांभाळत होते. आत्या नाही म्हणाल्या नव्हत्या, त्यांचा विचार चालला होता, आणि आमच्या घरात बाईचा विचार चालू आहे म्हणून माणसं खोळंबलीत, असं याआधी झालं नव्हतं.

मग एका सकाळी मी छावणीत गेले तर आत्यांच्या उजव्या डोळ्यावर फडकं बांधलेलं.  डोळ्याला काही लागलं की काय म्हणून मी पळत गेले. त्या म्हशीच्या कासेला बसल्या होत्या आणि चाचपडत धार काढत होत्या.

"आत्या, काय झालं?"

"काई न्हाई. आंधळं हून बगते."

"म्हणजे?"

"अगं, ती बाई म्हनली ना, आहे ते बी जाऊ शकतं. मंग गेल्यावर जमंल का न्हाई ते आधी बघाया नगं का? जमत असंल तर हो म्हनाया काय भ्या हाय."

 कितीतरी हुशार माणसं मी पाहिली आहेत, ऑपरेशनच्या आधी देवाला जातात, जावयाला विचारतात, कुंडली काढतात. आंधळेपणाची तालीम करणारी ही एकच बाई मी पाहिली, आणि तिचं मला फार कौतुक वाटलं आणि फार भीतीही वाटली.

तालीम सगळ्या छावणीसमोर चालली. धार जमली, म्हशीनं एकदा लाथ झाडली, पण ती म्हशीची चूक होती, असं आत्यांचं म्हणणं. भाकरी जमली. पहिल्या दिवशीच्या करपल्या, त्या मामांच्या डब्यात गेल्या. दावणीपासून टँकरपर्यंत जाणं जमलं, येताना हंडा घेऊन येणंही जमलं. खडे वेचणं काही केल्या जमेना. लोक आधी हसले, मग गप्प झाले, मग वाट करून द्यायला लागले. मामा मात्र तळमळत होते. "सचिव, सांगा त्यांना, फडकं सोडा. लोकं काय म्हनतील, चेअरमननं बायकोचे डोळे बांधले!"

एक दिवस आत्या टँकरकडून येत होत्या आणि मामा वाटेत उभे होते. ते बाजूला झाले नाहीत. बोललेही नाहीत, अबोला होता ना. आत्या येऊन सरळ त्यांच्यावर आदळल्या. हंडा हिंदकळला. दुष्काळात ते पाणी सांडलेलं बघून आजूबाजूच्या बायका हळहळल्या.

"कोन हाय?" आत्या दचकून म्हणाल्या. मामा गप्प. "कोन हाय म्हनते मी?" त्यांचा आवाज थरथरला. तसा त्यांचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"मी हाय," मामा म्हणाले.

आत्यांनी हंडा खाली ठेवला आणि फडकं न सोडताच म्हणाल्या, "बाकी सगळं जमंल मला. पर कुनी समोर उभं ऱ्हाऊन बोललं न्हाई, तर लई भ्या वाटतंय. मी आंधळी झाले तर तुमाला घरात बोलत ऱ्हावं लागंल. जमंल का? हे मला मागायचंच हुतं तुमाला. तुमी इचारलं असतं तर मागितलं असतं."

मामांनी हंडा उचलला. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा हंडा उचलताना पाहिलं. दुसऱ्या हातानं त्यांनी आत्यांचं मनगट धरलं आणि दोघं दावणीकडे निघाले. मी मागून चालत होते, म्हणून मला ऐकू आलं.

"मला वाटलं, इचारलं तर तू न्हाई म्हनशील," मामा म्हणाले.

"म्हनलेच असते की. मंग पुन्ना इचारायचं."

"आन तवा बी न्हाई म्हनलीस तर?"

"तर न्हाई. डोळा माझा हाय का संस्थेचा?"

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांना एकदम आठवलं असावं की आता बोलत राहायचं आहे. ते घाईघाईनं सांगायला लागले, इथं खड्डा हाय, ही शेजारची म्हैस हाय, इथं कुनीतरी शेन भरलं न्हाई, वर ऊन लई हाय. दावण येईपर्यंत त्यांचं तोंड बंद झालं नाही. आत्या हसत होत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

बाजेवर बसून आत्यांनी फडकं सोडलं. "सांग त्या बाईला," त्या मला म्हणाल्या, "येते म्हनावं."

मामा उठलेच. मी ओळखलं, ते मांडवाकडे निघालेत. आत्यांनीही ओळखलं. "भोंगा न्हाई," त्या म्हणाल्या. मामा परत बसले.

शहरातल्या दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर गेले. आत मला सोडलं नाही, त्यामुळे आतलं मी आत्यांच्या तोंडून ऐकलेलं सांगते. टेबलावर झोपवल्यावर, तोंडावर हिरवं कापड घातल्यावर त्या डॉक्टरनं वाकून विचारलं, "आजी, करू ना?" आत्या म्हणाल्या, "आता इथवर झोपून मी काय धार काढाया आले का? करा." आतल्या नर्ससुद्धा हसल्या म्हणे. परत आल्यावर आत्यांना काळा चष्मा, थेंबांच्या बाटल्या आणि चुलीपासून लांब बसायची सक्ती. पुढचे काही आठवडे त्यांना सगळं पाण्यातून बघितल्यासारखं दिसत होतं. नंबरचा चष्मा लागला की कळेल, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. त्या दिवसांत मामा घरात इतके बोलायचे की शेवटी आत्याच म्हणायच्या, जरा गप बसा.

चष्म्याच्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा शहरात गेलो. डॉक्टरनं काचा बदलून बदलून अक्षरं दाखवली. मोठी दिसली. मधली दिसली नाहीत. बारीक तर नाहीच. ती एकेक काच घालायची आणि तिचा चेहरा थोडा थोडा उतरायचा. शेवटी ती म्हणाली, "आजी, मागचा पडदा कमजोर निघाला. माणसं दिसतील, रस्ता दिसेल, ताटातलं दिसेल. सुई नाही, खडे नाहीत. याच्या पुढं येणार नाही. मला वाईट वाटतंय."

मला राग आला. कुणाचा ते मला कळत नव्हतं. पण आत्यांनी हात पुढं केला, चाचपून त्या मुलीच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमी सांगितलं व्हतं की, बाई."

आमच्या गावचा एक सभासद तिथं डोळे दाखवायला आला होता. त्यानं हे अर्धंमुर्धं ऐकलं आणि डोळा गेल्याची बातमी घेऊन मोटारसायकलवर आमच्या आधी गाव गाठलं. आमची एसटी पोचली तेव्हा संध्याकाळच्या संकलनाची वेळ झाली होती, म्हणून मी आत्यांना घेऊन सरळ संस्थेच्या ऑफिसातच गेले. ऑफिस माणसांनी भरलं होतं. पारावरचे ते म्हातारेही आले होते आणि आज त्यांचं सगळे ऐकत होते. जो तो ओरडत होता, जीप काढा, दवाखान्यात जाऊ, त्या पोरीला जाब विचारू. मामा मधोमध उभे, चेहरा काळवंडलेला. ते म्हणत होते, "मीच धाडलं तिला. मीच शिबिर आनलं. आता मीच बगतो त्यांच्याकडं." माझ्याकडं त्यांनी पाहिलंच नाही.

आत्या दारात थांबल्या. नव्या चष्म्यातून त्यांनी सगळ्यांवरून एक नजर फिरवली. गलका आपोआप बसला.

"कुनी फशिवलं न्हाई मला," त्या म्हणाल्या. "थोडंच दिसंल, ह्ये बी तिनं आधी सांगितलं व्हतं. मी ऐकून हो म्हनले. हो माझं, तर डोळा बी माझाच." मग पारावरच्या म्हाताऱ्यांकडे वळून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं येगळं झालं, दादा. तुमाला कुनी सांगितलंच न्हाई. तुमी जाब इचारा, मी येते संगं. पर ह्या पोरीच्या वाटंला कुनी जायाचं न्हाई."

 म्हाताऱ्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, दिसणारा आणि न दिसणारा, दोन्ही.

"मंग मी काय करू?" मामा म्हणाले. इतका मोठा माणूस, पण मला त्यांची फार दया आली.

"काई करू नका. बसा जरा."

मामा कॅनशेजारच्या बाकावर बसले. आत्या जाऊन त्यांच्या बाजूला बसल्या. लोक पांगायला लागले, दूध घेऊन आलेल्या बाया रांगेत उभ्या राहिल्या, मी माप हातात घेतलं. आत्यांनी चष्मा नाकावर नीट केला, मामांकडे तोंड केलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे अगदी जवळून, निरखून बघत राहिल्या. मामा अवघडले. पण उठले नाहीत.

"लई म्हातारे झालात हो तुमी," आत्या म्हणाल्या. "मला कुनी सांगितलं बी न्हाई."